धाकटीची शिंक

धाकटी शिंकली तेव्हा थोरली तिच्या पायाशी गुडघे टेकून बसली होती आणि तिच्या ओठांत टाचण्या होत्या. कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानात वरच्या मजल्यावर, ट्रायल रूमच्या रांगेला लागूनच थोरलीचं काउंटर होतं. गिऱ्हाइकाने घेतलेली पँट लांब निघाली की ते इथे यायचं, आरशासमोरच्या लाकडी पायरीवर उभं राहायचं, आणि थोरली खाली बसून टाचेपाशी कापड आत दुमडून टाचण्या लावायची. आज गिऱ्हाईक म्हणून तिची जाऊच आली होती, धाकट्या दिराची बायको. घरात सगळे दोघींना थोरली आणि धाकटी एवढंच म्हणत, आणि इतकी वर्षं म्हणत आले होते की दोघींनाही आता तीच आपली नावं वाटत. तर धाकटी शिंकली. एकदा, लगेच दुसऱ्यांदा, आणि मग तिसऱ्यांदा अशी दणदणीत की शेजारच्या ट्रायल रूममधलं कुणीतरी दचकून "अगं बाई" म्हणालं. थोरलीच्या डोळ्यांसमोर तेव्हा फक्त धाकटीची पावलं होती. ती जागची हलली नाहीत. टाचा एकमेकींकडे ओढल्या गेल्या नाहीत, गुडघ्यावर गुडघा चढला नाही, हात धडपडत आरशाच्या कडेला गेला नाही. दोन्ही पावलं वीतभर अंतर ठेवून पायरीवर खुशाल उभी होती. धाकटीने नाक पुसलं, "धूळ फार बाई तुमच्या दुकानात" म्हणाली आणि मान वळवून पँट मागून कशी दिसते ते बघायला लागली.

थोरलीने ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या, कारण तोंड उघडं पडायला लागलं होतं आणि एखादी गिळली गेली असती. मग तिला पँटचा रंग दिसला. इतका वेळ ती ते कापड हाताळत होती, पण निव्वळ कापड म्हणून: वीण कशी आहे, धुतल्यावर आटेल का, दोरा कुठला लावायचा. आता रंग दिसला. सायीचा रंग होता तो. असली पँट तिने किंवा धाकटीने जन्मात घेतली नसती. काळी, गर्द निळी, फार तर तपकिरी, आणि शक्यतो नक्षीची, म्हणजे ओल दिसत नाही, हा दोघींचा कायदा होता आणि तो थोरलीनेच केलेला होता. कायदा मोडणारी बाई तिच्यासमोर उभी राहून आरशात स्वतःचं मागचं अंग कौतुकाने न्याहाळत होती. थोरलीच्या मनात पहिल्यांदा आलं की हिने ऑपरेशन करून घेतलं. मग आलं की मला न सांगता करून घेतलं. आणि या दोन्हींच्या मागोमाग पोटात गरम इस्त्री टेकवल्यासारखं काहीतरी झालं. त्याला काय म्हणतात ते तिला चांगलं ठाऊक होतं, कारण धाकटी लग्न होऊन घरात आल्यापासून ते तिच्याकडे येऊन-जाऊन होतं. हेवा. "लांबी बरोबर आहे ना, ताई?" धाकटीने विचारलं. "बरोबर आहे," थोरली म्हणाली. मग नीट बघितलं तर डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड टाचला गेला होता. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. तिने टाचण्या उपसल्या, पुन्हा लावल्या, आणि उठताना नेहमीचं झालं, थोडंसं, कोमट, आणि नेहमीसारखंच तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

लोकांना वाटतं ही म्हातारपणाची दुखणी. थोरलीचं सुरू झालं तेव्हा तिचे केस काळेभोर होते. मुलाच्या वेळी बाळंतपण अडलं होतं, मुलगा अंगाने दांडगा, आणि तो एकदाचा बाहेर आला तो आईचं काहीतरी कायमचं सैल करून आला. खोकला, शिंक, हसू, जिना, जड पिशवी, खाली बसून उठणं, एवढ्याला ते व्हायचं. कुणाला सांगणार? नवऱ्याला सांगायचं तर तो आधी घाबरला असता आणि मग विसरला असता. तिने गपचूप आपलं आयुष्य आखूड करत आणलं. नाटकाला कडेची खुर्ची, प्रवासाला नकार, पाहुण्यांकडे गेलं की चहा नको. नवऱ्याला वाटायचं, हिला मुळातच कशाची हौस नाही. आणि मग सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचा तो फोटो. सगळं घर तीन ओळींत उभं केलेलं, फोटोग्राफर मोठा वाह्यात माणूस, त्याने सासऱ्यांच्याच टकलावरून काहीतरी असं म्हटलं की सासरेसुद्धा हसून डुलायला लागले. त्याच क्षणी ओळीच्या एका टोकाकडून थोरली आणि दुसऱ्या टोकाकडून धाकटी निघाली, आणि दोघी एकाच बाथरूमच्या दारात एकमेकींवर आदळल्या. "आधी तुम्ही." "नको, तू जा." दोघींचेही पाय एकमेकांत गुंतलेले. थोरलीने धाकटीच्या पायांकडे पाहिलं, धाकटीने थोरलीच्या, आणि मग जे हसू आलं त्याने दोघींचंही उरलंसुरलं काम तमाम केलं. त्या फोटोत दोन जागा रिकाम्या आहेत. सासूबाई हयात असेपर्यंत त्यावरून बोलत राहिल्या, आणि त्या बोलल्या की दोघी एकमेकींकडे न बघता कांदा चिरत बसायच्या.

तेव्हापासून दोघींचं जे गूळपीठ जमलं ते बघून घरातल्यांना नवल वाटायचं, कारण तोवर त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, निदान थोरलीच्या बाजूने तरी. धाकटी आली तीच गाडी चालवत. तिची नोकरी मोठी, बोलणं गोड, केस दाट, तिला दोन मुली लागोपाठ आणि दोन्ही गोऱ्यागोमट्या. सासूबाई म्हणायच्या, "धाकटीचं हसणं कसं मोकळं आहे, घर भरतं." थोरली हसायची तेव्हा घर भरत नसे. हात तोंडावर जायचा आणि मांड्या आवळल्या जायच्या, आणि आवळलेल्या मांड्यांनी कुणाला मोकळं हसता येतं? पण या एका गोष्टीत थोरली खरोखर थोरली होती. तिने धाकटीला सगळं शिकवलं: कुठल्या इमारतीत बाथरूम कुठे आहे ते आधी हेरून ठेवायचं, शिंक येणार असं नाकाला कळलं की आधी पाय आवळायचे आणि मग शिंकायचं, पर्समध्ये कायम एक जादा जोड, आणि कुठूनही निघताना, आली नसली तरी, एकदा जाऊन यायचं. धाकटी शहाण्या विद्यार्थिनीसारखी ऐकायची. "आपल्या नळांचे वॉशर गेलेत, ताई," ती म्हणायची. कुणाला कळणार नाही असं दोघींचं एक बोलणं तयार झालं. गेल्या सुट्टीत सगळं घर डोंगरावर चढायला गेलं तेव्हा थोरली म्हणाली, मी खाली गाडीत बसते, आणि धाकटी म्हणाली, मग मीही बसते. दोघी दुपारभर गाडीत बसल्या, खिडक्या खाली करून, बिस्किटं खात, नवऱ्यांच्या नकला करत. वरून मुलींच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. थोरलीला आयुष्यातल्या चांगल्या दुपारी आठवायला सांगितलं असतं तर तिने ती दुपार पहिल्यांदा सांगितली असती.

दुसऱ्या दिवशी दुकानात मशीनवर बसून ती सायीच्या रंगाची पँट दुमडताना तिला सगळं एकेक उलगडत गेलं. मागच्या महिन्यात धाकटी ऑफिसच्या कामाला म्हणून बाहेरगावी गेली होती, ती परत आली ते पाठ धरली म्हणत. वजन उचलायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. वाकायचं नाही. कसला डॉक्टर, कुठला, हे थोरलीने विचारलं नाही. तिला वाटलं, आपली जाऊ आहे, बिचारी. तिने धाकटीच्या पाठीला रोज तेल चोळलं. ठणठणीत पाठ! धाकटी पालथी पडून "अजून थोडं खाली, ताई" म्हणायची, आणि थोरली दंडात दम असेपर्यंत चोळायची. त्याहून चीड येण्यासारखी गोष्ट पिशव्यांची होती. धाकटीच्या घरच्या भाजीच्या पिशव्या, पिठाचा डबा, धुण्याच्या बादल्या त्या दिवसांत थोरली उचलत होती, आणि प्रत्येक पिशवीला स्वतः भिजत होती. हिच्या आतले टाके भरून यावेत म्हणून आपण आपल्या नळाची वाट लावत होतो, आणि ही गादीवर पडून "किती करता हो माझ्यासाठी" म्हणत होती! मशीनची सुई भराभर पळत होती. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि त्या रागातही टीप सरळ येत होती, कारण हाताला सवय होती. एकदा तिच्या मनात आलं की आखूडच ठेवावी, दोन्ही पाय सारखे पण आखूड, म्हणजे धाकटी बेंगरूळ दिसेल आणि कुठे बिनसलंय ते तिला कळणारही नाही. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. लाज वाटली म्हणून हेवा काही कमी झाला नाही.

दोन्ही भावांचे फ्लॅट एकाच इमारतीत होते, थोरलीचा खाली, धाकटीचा वर, आणि वरच्या फ्लॅटला ऊन चांगलं येतं हेही थोरलीने बरीच वर्षं मनात ठेवलं होतं. संध्याकाळी ती पँट घेऊन वर गेली. धाकटी गॅलरीत कपडे वाळत घालत होती, टाचा उंचावून, दोरीपर्यंत हात ताणून. मुली खेळायला गेल्या होत्या.

"घालून बघ," थोरली म्हणाली.

"तुम्ही केलीय म्हणजे बरोबरच असणार."

"घालून बघ म्हणते ना."

धाकटीने घालून दाखवली. पँट नेमकी टाचेवर येत होती आणि तिला शोभत होती. थोरलीला त्याचाही राग आला.

"कधी केलंस?"

"काय?"

"मला खुळी समजू नकोस. पाठ म्हणे! हात मोडेस्तोवर तेल चोळलं मी."

धाकटी हळूच खुर्चीत बसली. "कसं कळलं?"

"शिंकलीस."

धाकटीला हसू फुटलं, तिने ते दाबलं, मग पुन्हा फुटलं. थोरलीने नकळत तिच्या गुडघ्यांकडे बघितलं. ते स्वस्थ होते. मांडीवर हात टाकून ती बाई हसत होती, आणि तिच्या पायांना त्याची खबरसुद्धा नव्हती. थोरलीला वाटलं, हिला गदागदा हलवावं.

"सांगणार होते, ताई, शपथ."

"कधी? मी गेल्यावर?" आणि मग, विचारायचं नाही असं ठरवून आलेली असतानाही, "काय करतात?"

"स्लिंग म्हणतात त्याला. जाळीची पट्टी असते, एवढीशी. लघवीच्या नळीच्या खालून झोळीसारखी टाकतात. शिंकलं, खोकलं की नळीला खालून टेकू मिळतो. अर्ध्या तासाचं काम. दुसऱ्या दिवशी घरी."

थोरलीच्या डोक्यात लगेच शिवणकाम सुरू झालं. ढिल्या पडलेल्या कमरेला आतून पट्टी देतात, तसं. "टाके कुठे घालतात पट्टीला?"

"पट्टीला घालतच नाहीत. वरची कातडी तेवढी शिवतात. पट्टी आपोआप धरते, आतलं मांस तिच्यात वाढतं."

"टाक्यांशिवाय? उसवेल."

"नाही उसवत. काहींना त्रास होतो म्हणे पुढे, जाळी टोचते, किंवा लघवीच अडते. त्यांनी सगळं आधीच सांगितलं. मला नाही झालं." ती थांबली. "पहिल्याच दिवशी मी तिथल्या जिन्यावरून खाली आले, ताई, आणि खाली आल्यावर लक्षात आलं की काहीच झालं नाही. मी तिथे उभी राहून रडले."

हे ऐकायला थोरली आली नव्हती. तिला भांडायचं होतं. "मला का नाही सांगितलंस? मी तुझी कोण होते?"

धाकटी पँटच्या दुमडीवरून बोट फिरवत राहिली. "तुम्ही मला करू दिलं नसतं."

"मी? मी कशाला अडवेन?"

"अडवलं नसतं. पण तुमचा चेहरा पडला असता आणि मग मला जाववलं नसतं." तिने वर बघितलं. "तुम्हाला ते आवडायचं, ताई. आपलं दोघींचं ते. मला नव्हतं आवडत. डोंगराखाली गाडीत बसलो होतो ना आपण? तुम्ही केवढ्या खुशीत होतात. आणि मी वरून मुलींच्या हाका ऐकत होते. त्या मला बोलावत होत्या. त्या दिवशी मी ठरवलं."

थोरली उठली आणि जिना उतरून खाली आली. उतरताना व्हायचं ते झालं. घरात येऊन तिने कपडे बदलले, बदललेले बादलीत टाकले आणि बादलीकडे बघत उभी राहिली. तुम्हाला आवडायचं. असलं कुणाला आवडतं? तिला ओरडून सांगावंसं वाटलं की मूर्ख आहेस तू, बाई, कुणाला आवडेल चारचौघांत आपल्याच अंगाला घाबरून बसायला? आणि त्याच वेळी तिला ती दुपार आठवत होती, बिस्किटांचा चुरा, धाकटीने केलेली दिराची नक्कल, आणि आपल्याला वाटलेलं ते, की ही आता आपल्यापेक्षा वरचढ नाही, ही आपल्याइतकीच आहे, आपल्या शेजारी बसलेली आहे. ते सुख खरं होतं. म्हणजे धाकटी खोटं बोलली नव्हती. धाकटी वर नसावी, एवढंच थोरलीला हवं होतं, आणि त्यासाठी स्वतः खाली बसायला लागलं तरी तिची हरकत नव्हती. आता धाकटी वर गेली होती. तिच्या डोक्यावरच्या छतातून धाकटीची पावलं ऐकू येत होती. मुली परत आल्या होत्या आणि तिघी मिळून दोरीच्या उड्या मारत असाव्यात, धप, धप, धप, आणि त्यांतली एक धप जड होती, मोठ्या बाईची.

डॉक्टरचं नाव तिने विचारलं नव्हतं, पण धाकटीच्या फ्रीजवर चुंबकाखाली कार्ड लावलेलं होतं आणि थोरलीची नजर मापं लक्षात ठेवायला तयार झालेली होती. तिने वेळ घेतली. बरं व्हायचं म्हणून घेतली असं म्हणता येणार नाही. धाकटीला झालं तर मला का नाही, या एका हट्टाने घेतली. दुकानातून निघण्याआधी ती बाथरूमला जाऊन आली. दवाखान्याच्या इमारतीत शिरल्यावर तळमजल्यावर पाटी दिसली म्हणून पुन्हा जाऊन आली. आपलं नाव पुकारायच्या आधी, न जाणो, म्हणून आणखी एकदा. डॉक्टर बाई होत्या, थोरलीपेक्षा लहान, चपळ, नखं कापलेली. त्यांनी सगळं विचारून घेतलं: किती वर्षं, कशाने होतं, आतले स्नायू आवळायचे व्यायाम केलेत का. व्यायाम थोरलीने केले होते, लिफ्टमध्ये, बसच्या रांगेत, मशीनवर, वर्षानुवर्षं. थोडा गुण आला आणि तिथेच थांबला. तेही तिने सांगितलं. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आता उभ्या राहा. पाय थोडे लांब. जोरात खोका." आणि स्वतः तिच्या समोर खाली बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थोरली वर उभी होती आणि कुणीतरी तिच्या पायाशी. ती खोकली. आणखी खोकली. घसा खरवडेपर्यंत खोकली.

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "लघवीला कधी जाऊन आलात?"

"आत्ता. बाहेर."

"त्याआधी?"

"खाली. पाटी दिसली म्हणून."

"आणि त्याआधी?"

"दुकानात," थोरली म्हणाली. डॉक्टरांनी हातमोजे काढले. त्यांना हसू येत होतं, पण हसणं वाईट नव्हतं. "अहो, रिकाम्या टाकीतून काय गळणार? मला डोळ्यांनी बघायला हवं, त्याशिवाय ऑपरेशनचं बोलणारच नाही मी. भरून या. घाई नाही."

घरी परतताना थोरलीला शाळेत नापास झाल्यावर वाटायचं तसं वाटलं. धाकटीला नक्कीच पहिल्याच खोकल्याला जमलं असणार. तिचं सगळंच पहिल्या खेपेला जमतं. इतकी वर्षं ज्या दुखण्याने नाकी नऊ आणले त्याने नेमकी साक्ष द्यायच्या वेळी तोंड मिटलं होतं, आणि धाकटीच्या दुखण्याने शहाण्यासारखी दिली. आपल्या दुखण्याचासुद्धा आपण हेवा करायला लागलो आहोत की काय, असं तिला वाटलं आणि ती बसमध्ये एकटीच हसली, पाय आवळून. दुसऱ्या खेपेला ती ठरवून पाणी प्यायली, तांब्यावर तांब्या. बसमध्ये चढली. वाटेत एक दुसरं मोठं दुकान दिसलं, त्या दुकानात कुठल्या मजल्यावर काय आहे ते तिला पाठ होतं, आणि कळायच्या आत ती बसमधून उतरून तिथे जाऊनही आली होती. डोकं नको म्हणत होतं, पाय ऐकत नव्हते. तिने दवाखान्यात फोन करून वेळ संध्याकाळवर ढकलली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कुणीतरी सोबत हवं होतं, हात धरून बसवणारं. नवरा? त्याला आधी सगळा इतिहास सांगावा लागला असता. जगात एकच माणूस होतं ज्याला काही सांगावं लागलं नसतं, आणि त्याचं तोंड बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

ती घरी परतली आणि थेट वर गेली. धाकटीने दार उघडलं आणि बाजूला झाली.

"मी बसत नाही," थोरली म्हणाली. "मला तुझ्या डॉक्टरकडे घेऊन चल. आणि वाटेत मला बाथरूमला सोडू नकोस. मी काही म्हटलं तरी."

धाकटीला लगेच कळलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. "रिकाम्या गेला होतात?"

"हसू नकोस."

"नाही हसत. माझंही तसंच झालं होतं, ताई. तुम्हीच शिकवलेलं ना, निघताना एकदा जाऊन यायचं. दोनदा परत पाठवलं त्यांनी मला."

हे ऐकून थोरलीला इतकं बरं वाटलं की ते लपवायला तिला खिडकीकडे बघावं लागलं. धाकटीला दोनदा परत पाठवलं होतं. धाकटीला पहिल्या खेपेला जमलं नव्हतं.

धाकटीने गाडी काढली. थोरलीच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि संपेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली. रस्त्यातला प्रत्येक गतिरोधक ती इतक्या हळू ओलांडत होती की मागचे हॉर्न वाजवून हैराण झाले. एकदा थोरली म्हणाली, "इथे जरा थांबव, मला औषधाच्या दुकानात काम आहे." धाकटी म्हणाली, "काही काम नाहीये तुम्हाला." दवाखान्यात तळमजल्यावरची ती पाटी आली तेव्हा थोरलीचे पाय आपोआप तिकडे वळले, आणि धाकटीने तिचं मनगट धरलं. वर बाकावर बसल्यावरही तिने ते सोडलं नाही. थोरली एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर होत होती, तिला घाम फुटला होता, पोट फुगून दुखत होतं. "सोड गं, थोडंच जाऊन येते." "बसा." "अगं, इथेच व्हायचं." "होऊ दे." शेजारच्या बाईने वर्तमानपत्र खाली करून दोघींकडे बघितलं. धाकटीचा हात गरम होता आणि चांगलाच घट्ट होता. ती आता कितीही वजन उचलू शकत होती. ही सुटली, थोरलीच्या मनात आलं, ही सुटली आणि मला धरून बसली आहे. तिला तिचा हात झिडकारावासा वाटत होता आणि तो सुटला तर आपण पळून जाऊ हेही तिला ठाऊक होतं.

आत डॉक्टरांनी फरशीवर एक चादर अंथरली आणि तिला तिच्यावर उभं केलं. "खोका." थोरली खोकली. खोकला घशातून आला आणि घशातच राहिला. त्याच्या आधीच आत सगळं कुलूपबंद झालं होतं. "तुम्ही धरताय," डॉक्टर खालून म्हणाल्या. "पाय बघा कसे आले जवळ. लांब घ्या. पुन्हा." ती पुन्हा खोकली. पुन्हा काही नाही. "धरायचं नाही आज. रोज धरता, आज सोडायचं." सांगायला सोपं. थोरली चादरीवर उभी राहिली, कमरेखाली उघडी, भरलेली, आणि तिला कळेना की सोडायचं म्हणजे काय करायचं. सोडलं तर डॉक्टर बघणार, मग ती पट्टी, मग ते भरून येणं, मग एक दिवस तीही जिन्यावरून कोरडी उतरणार. आणि मग धाकटीचं आणि तिचं काय राहणार? दोन जावा, वरची आणि खालची, भाजीचा भाव सांगणाऱ्या. एकीला ऊन येतं, एकीला येत नाही. आज ती आपला हात धरून बसली ते शेवटचंच. नाही सोडलं तर? नाही सोडलं तर आपण गाडीत बसणार खिडक्या खाली करून, एकटी, आणि वरून आरोळ्या येणार, आणि त्यांत धाकटीची आरोळी असणार. हे तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिला एकदम धाप लागली, राग आला, रडू आलं, काय आलं कुणास ठाऊक, आणि त्या धापेतच तिला ठसका लागला, खराखुरा, छातीतून. पाय तिने लांबच ठेवले. दोन्ही मांड्यांवरून ते गरम खाली आलं, खूप आलं, चादर भिजली, चादरीच्या कडेवरून फरशीवर गेलं, आणि तिने ते येऊ दिलं.

"हं," डॉक्टर म्हणाल्या. "आता दिसलं. छान." आणि कापसाची गुंडाळी तिच्या हातात दिली.

छान. थोरली पाय पुसता पुसता रडत होती आणि डॉक्टर तिकडे पाठ करून हात धुवत होत्या, पुढच्या तपासण्या सांगत होत्या, कुणाला काय त्रास होऊ शकतो ते सांगत होत्या, विचार करून कळवा म्हणत होत्या. तिने सगळं ऐकलं आणि तारीख मागितली.

ती बाहेर आली तेव्हा धाकटी ताडकन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते. बाहेर बसून हिला रडायला काय झालं होतं कुणास ठाऊक. शेजारची बाई वर्तमानपत्र वाचत नव्हतीच आता.

"झालं?" धाकटीने हळू विचारलं.

"झालं."

"कितव्याला?"

"तिसऱ्याला."

"मला दुसऱ्या खोकल्याला झालं होतं," धाकटी म्हणाली, आणि बोलून गेल्यावर जीभ चावली.

थोरलीने पर्स खांद्याला अडकवली. "असेल. पण तुझी चादर भिजली होती का? कडेवरून वाहून फरशीवर गेलं होतं का? माझं गेलं."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली, अख्ख्या दवाखान्याने वळून बघावं अशी, मोकळी, कोरडी, आणि थोरलीला तिचा पुन्हा एकदा मनापासून हेवा वाटला. "बरं बाई," धाकटी डोळे पुसत म्हणाली, "यात तुम्ही पहिल्या."

हे किती पोरकट आहे ते थोरलीला कळत होतं. तरी तिला बरं वाटलं, आणि ते तिने चेहऱ्यावर दिसू दिलं.